आपला ब्राउझर आपण निवडला का?



आपल्या १९९६ च्या बॅचच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न हमखास येतो. 'नवीन लॅपटॉप घ्यायचाय, विंडोज घेऊ की मॅक?' किंवा 'क्रोम फार मेमरी खातो म्हणतात, दुसरं काय वापरू?' त्यावर लगेच तट पडतात. मॅकवाले विंडोजवाल्यांना हसतात, विंडोजवाले मॅकची किंमत काढतात, आणि लिनक्सचे नाव घेणारा एखादा असला तर दोघे मिळून त्याला गप्प करतात. शेवटी कुणीतरी लिहितो, 'ज्याची त्याची आवड.' तिथे वाद मिटतो.

वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर मला या शेवटच्या वाक्याबद्दलच शंका येऊ लागली आहे. जेवणातली आवड आपल्या घरात घडते. संगणकावरची आवड कुठे घडली? तीस वर्षांचा हिशेब मांडला तर दिसते की बहुतेक वेळा आपल्यासमोर जे आधीच मांडून ठेवले होते त्याची आपल्याला सवय झाली, आणि पुढे आपण त्या सवयीला आवड म्हणू लागलो. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला तेव्हा ठरवले की हा हिशेब एकदा मांडून टाकावा.

सुरुवात आपल्या संगणक कक्षापासूनच करते. चपला बाहेर काढून, एका यंत्रासमोर तिघांनी बसायचे. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी रेघ. तिथे डॉस होते आणि ते का आहे हे कुणी विचारले नाही. संगणक म्हणजे डॉस, एवढेच आपल्याला ठाऊक. प्रत्यक्षात चित्रे, खिडक्या आणि माऊस यांवर चालणारा संगणक आपल्या जन्माच्याही आधी तयार झाला होता. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाच्या यंत्रावर हे सगळे चालत असे. ॲपलने ती कल्पना उचलून १९८४ च्या जानेवारीत मॅकिंटॉश बाजारात आणला आणि मायक्रोसॉफ्टने १९८५ च्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती काढली. आपण दहा वर्षांनी डॉसच्या आज्ञा पाठ करत होतो, कारण शाळेला जी यंत्रे मिळाली होती त्यांत तेच होते.

सवय किती खोल जाते याची दोन उदाहरणे देते. मॅकवर खिडकी बंद करायचे बटण डावीकडे असते, विंडोजवर उजवीकडे. त्यात बरेवाईट काही नाही. पण २०१० च्या एप्रिलमध्ये उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तीने ही बटणे उजवीकडून डावीकडे नेली तेव्हा केवढा गदारोळ झाला! २०१७ साली ती पुन्हा उजवीकडे आली. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ मधून 'स्टार्ट' बटण काढून टाकले आणि लोकांची ओरड ऐकून वर्षभरात ८.१ मध्ये परत आणले. जगभरातल्या कोट्यवधी हातांना एक कोपरा सरावाचा झाला होता. त्या कोपऱ्याला हात लावणे महागात पडले.

आता ब्राउझरकडे वळू, कारण खरी लढाई तिथे झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझॅक' तयार केला. मजकुराच्या बरोबरीने चित्रे दाखवणारा हा ब्राउझर सामान्य माणसाला सहज हाताळता येत होता. अँड्रीसन पुढे नेटस्केप कंपनीत गेला. मायक्रोसॉफ्टनेही मोझॅकचाच परवाना घेऊन इंटरनेट एक्सप्लोरर उभा केला. म्हणजे पुढे एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे एकाच घरातून निघाले होते.

ऑगस्ट १९९५ आठवतो? आपण दहावीत होतो आणि घटक चाचणीच्या तयारीत होतो. त्या एका महिन्यात काय काय घडले पाहा. ९ ऑगस्टला नेटस्केपचे शेअर बाजारात आले. २८ डॉलरला दिलेला शेअर दिवस संपताना ५८ डॉलरच्या वर होता. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. २४ ऑगस्टला विंडोज ९५ बाजारात आले. आपल्यापैकी कुणालाही यातले काहीच कळले नाही, पण पुढची दहा वर्षे आपल्या बोटांनी काय करायचे ते त्या महिन्यात बरेचसे ठरून गेले.

नेटस्केप व्यावसायिक वापरासाठी पैसे घेत असे. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर फुकट दिला आणि १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर तो संगणकातच मुरवून टाकला. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना त्याचे चित्र पडद्यावरून काढण्याची मुभा नव्हती. यावर अमेरिकन सरकारने १८ मे १९९८ ला खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने २००१ साली तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले हा निष्कर्ष मुख्यतः कायम ठेवला. निकाल लागेपर्यंत नेटस्केप संपल्यातच जमा होता.

त्या काळात आम्ही अभियांत्रिकीला होतो. घरी संगणक आला तो सुटे भाग जोडून दिलेला. दुकानदाराने जी विंडोज 'टाकून' दिली ती आपली, आणि पडद्यावरचा निळा 'ई' म्हणजे इंटरनेट. कितीतरी जणांना ब्राउझर नावाची वेगळी वस्तू असते हेच माहीत नव्हते. ज्या गोष्टीचे नावही ठाऊक नाही तिच्याबाबत आवड कसली?

विजयानंतर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली आणि सातवी २००६ च्या ऑक्टोबरात. पाच वर्षे! ऐन भरात दहांतले नऊहून अधिक लोक तोच वापरत होते, मग सुधारणेची घाई कुणाला? वेबसाइटी बनवणारेही फक्त त्याच्यापुरते बनवू लागले. दक्षिण कोरियाने १९९९ साली बँक-व्यवहारांसाठी 'सीड' ही स्वतःची सांकेतिक पद्धत आणली. ती चालवण्यासाठी ॲक्टिव्हएक्स लागे आणि ॲक्टिव्हएक्स फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. एक अख्खा प्रगत देश अनेक वर्षे एका कंपनीच्या एका ब्राउझरला बांधला गेला. तिथल्या माणसाची वैयक्तिक आवड काहीही असो, वीजबिल भरायचे तर निळा 'ई' उघडावाच लागे.

हा बांध फुटला तो एका मेलेल्या कंपनीच्या राखेतून. नेटस्केपने ३१ मार्च १९९८ ला आपला सगळा प्रोग्राम जगासाठी खुला केला होता. त्यावर स्वयंसेवक आणि मोजके पगारी लोक काम करत राहिले. २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन झाले आणि ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्याची पूर्ण दोन पानी जाहिरात डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापली गेली. तिचा खर्च वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढून केला होता आणि सुमारे दहा हजार वर्गणीदारांची नावे बारीक अक्षरांत त्या पानांवर होती. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या अहवालात छापतात तशीच. एका ब्राउझरवर लोकांनी एवढा जीव लावला, कारण पहिल्यांदाच त्यांनी तो स्वतः शोधून, स्वतः उतरवून घेतला होता.

मग युरोपने एक प्रयोग केला. मार्च २०१० पासून तिथल्या विंडोजवर बारा ब्राउझरांची एक खिडकी उघडू लागली: यातला हवा तो निवडा. पहिल्या पाच मोठ्या ब्राउझरांचा क्रम दर वेळी बदलायचा होता, म्हणजे कुणालाही पहिल्या जागेचा फायदा मिळू नये. गंमत अशी की हा क्रम पिसण्यासाठी लिहिलेल्या चार ओळींत चूक होती आणि पत्ते नीट पिसलेच जात नव्हते. ते उघडकीस आल्यावर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती केली. पुढे २०११ ते २०१२ मध्ये सुमारे चौदा महिने ही खिडकी एका आवृत्तीत दिसेनाशीच झाली, आणि मार्च २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने कंपनीला ५६.१ कोटी युरोंचा दंड केला. ज्या गोष्टीला आपण 'ज्याची त्याची आवड' म्हणून सोडून देतो तिची ही किंमत.

याहून मोठा आकडा गूगलवरच्या अमेरिकन खटल्यात बाहेर आला. ब्राउझर आणि फोन उघडल्यावर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले होते. दोन टिचक्यांत ती निवड कुणालाही बदलता येते. पण बहुतेक लोक ती बदलत नाहीत हे पैसे देणाऱ्याला पक्के ठाऊक असते. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गूगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला.

मध्यंतरी २ सप्टेंबर २००८ ला गूगलचा क्रोम आला होता. तो खरोखर चांगला होता: वेगवान, आणि एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत. मीही काही वर्षे तो आनंदाने वापरला. पण आज क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर यांच्या पाट्या वेगळ्या असल्या तरी मुदपाकखाना एकच आहे. सगळ्यांच्या पोटात गूगलचे ब्लिंक हे इंजिन आहे. स्वतः मायक्रोसॉफ्टनेही २०२० च्या जानेवारीत एजसाठी तेच घेतले. ब्लिंक निघाले ॲपलच्या वेबकिटमधून, आणि वेबकिट निघाले लिनक्सवर हौसेने काम करणाऱ्या केडीई गटाच्या केएचटीएमएलमधून. आयफोनवर तर ॲपलने अनेक वर्षे सगळ्यांना वेबकिटच वापरायला लावले. युरोपच्या कायद्यामुळे २०२४ पासून तिथे ही अट सैल झाली. म्हणजे आज प्रमुख इंजिने तीनच उरली: ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. तिसऱ्याची फार मोठी कमाई गूगलकडूनच येते.

इतका वेळ अमेरिका-युरोपचे सांगितले. आता आपल्या अक्षरांचे सांगते, कारण या निवडींचा सर्वांत जास्त फटका आपल्याला तिथेच बसला.

नव्वदच्या दशकात संगणकावरचे मराठी म्हणजे फॉन्टची करामत होती. फाईलमध्ये 'क' साठवलेला नसे. तिथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा घाली. प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याचा मुखवटा वेगळा. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी वाचकाला फॉन्ट पाठवायची युक्ती काढली, पण नेटस्केपची फॉन्ट पाठवण्याची पद्धत वेगळी आणि इंटरनेट एक्सप्लोररची वेगळी. पुढे नेटस्केपच्या नव्या आवृत्तीने आपली पद्धत सोडूनच दिली. अशा वेळी अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलाने लिनक्स किंवा फायरफॉक्स 'आवडीने' निवडला की गावाकडची बातमी वाचता येत नसे. त्यावर फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचे एक पूरक तयार झाले. ते असे जुने फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी.

खरे उत्तर युनिकोड हेच होते. प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक. भारताने इस्की हे स्वतःचे मानक आधी तयार केले होते. त्याच्या मांडणीवर आधारलेली देवनागरी १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्येच होती. पण कागदावर मानक असणे वेगळे आणि पडद्यावर अक्षर उमटणे वेगळे. विंडोजमध्ये ते आले फेब्रुवारी २००० मध्ये, विंडोज २००० बरोबर. त्यातला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. नंतरच्या विंडोज एक्सपीत हे सगळे होते, पण झाकून ठेवलेले. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग ते मूळ सीडी मागणार. दुकानदाराने 'टाकून' दिलेल्या विंडोजवाल्यांकडे सीडी कुठून असणार? खूण केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. एकाच यंत्रावर एका ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसे आणि दुसऱ्यात तुटके. कितीतरी लोकांनी तेव्हा ठरवून टाकले की संगणकावर मराठी 'चालत नाही', आणि रोमन लिपीत लिहू लागले. त्यांना रोमन आवडत होती असे आपण म्हणणार का?

तरी अडून न बसणारे लोक होते. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. मुंबई-पुण्यात आणि इतरत्र लिनक्सच्या पडद्यावरचे शब्द मराठीत आणण्याचे काम अनेकांनी केले, त्यात नोकरी सांभाळून करणारेही होते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. मराठीसाठी 'ल' आणि 'श' कोणत्या वळणाचे असावेत हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगितले. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. हा फरक दाखवणारा आडवा रफार आज क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड या सगळ्यांवर सारखाच उमटतो, कारण तिघेही अक्षरे जुळवण्यासाठी 'हार्फबझ' हा एकच खुला प्रोग्राम वापरतात. तो कुणाच्या मालकीचा नाही, सुधारायला सर्वांना मोकळा आहे.

माझे म्हणणे या शेवटच्या गोष्टीपाशी येऊन थांबते. आपल्याला निवडीचे खरे स्वातंत्र्य मिळाले ते कुठल्या एका कंपनीच्या मोठेपणामुळे नाही. सर्नने वेब खुले ठेवले, नेटस्केपने जाताजाता आपले पोट उघडे केले, युनिकोडचे क्रमांक सगळ्यांनी मान्य केले, म्हणून ते मिळाले. खाली पाया सामाईक असेल तरच वर प्रत्येकाला आपापली आवड परवडते.

या स्मरणिकेचेच पाहा. संपादन समितीकडे आलेले लेख कुणी मॅकवर, कुणी विंडोजवर, तर निम्म्याहून अधिक जणांनी फोनवर लिहिले होते. सगळे एकमेकांत सहज मिसळले. अडला तो एकच मजकूर. आपल्या मराठीच्या बाईंनी १९९८-९९ च्या सुमारास शाळेच्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या, चाळीसएक पाने. त्या ज्या फॉन्टमध्ये होत्या तो आता नव्या संगणकांवर बसत नाही. फाईल उघडली की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती चिन्हे. बाई म्हणाल्या, "अगं, मी तर शुद्धलेखनही तपासून घेतलं होतं." मी एक छोटा प्रोग्राम लिहून त्या युनिकोडमध्ये आणल्या. रफार आणि पहिल्या वेलांट्या जागच्या हलल्या होत्या, त्या बाईंनी स्वतः, वयाच्या पंच्याहत्तरीत, लाल पेनाने कागदावर दुरुस्त करून दिल्या. त्यांतली सहा पाने या अंकात आहेत. उरलेली आता शाळेच्या वाचनालयात ठेवता येतील.

मला विचाराल तर मी घरी लिनक्स आणि फायरफॉक्स वापरते, कार्यालयात मॅक देतात तो वापरते, आणि आईच्या फोनवर क्रोम आहे कारण तो तिथे होताच. तुम्हीही हवे ते वापरा. जुना संगणक नव्या विंडोजला चालत नसेल तर टाकून देण्याआधी त्यावर एकदा लिनक्स घालून बघा, अजून पाच वर्षे जाईल. वर्षातून एकदा दुसरा ब्राउझर उतरवून आठवडाभर वापरा. परत पहिल्याकडे आलात तर तो मग तुम्ही निवडलेला असेल.

आणि एक विनंती. तुमच्या घरी, माळ्यावर, जुन्या फ्लॉपीवर किंवा सीडीवर कुणाचे तरी मराठी लेखन अडकलेले असेल: वडिलांचे आत्मवृत्त, आजीच्या ओव्या, मंडळाचे इतिवृत्त, एखाद्या सरांच्या नोट्स. मेळाव्याला येताना ते घेऊन या. फॉन्टचे नाव आठवत नसले तरी चालेल, छापील प्रत असेल तर ती सोबत आणा, म्हणजे पडताळून पाहता येईल. मी आणि आपल्या बॅचचे आणखी दोघे दुपारच्या जेवणानंतर संगणक कक्षात बसणार आहोत. आता तिथे चपला काढाव्या लागत नाहीत.